वरचं १६८, खालचं ६८: वयाबरोबर धमन्या कडक होतात म्हणजे काय होतं?

लालबागहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांना दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. गेल्या तीन महिन्यांत चार वेळा बीपी मोजलं, दर वेळी वरचं १६० ते १७० आणि खालचं ६६ ते ७०. डॉक्टर म्हणाले, वयामुळे रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आणि गोळी लिहून दिली. मिस्टरांचं म्हणणं, खालचं आधीच एवढं कमी आहे, गोळीने आणखी उतरेल. शेजारच्या काकू म्हणतात, शंभर अधिक वय एवढं बीपी म्हातारपणी चालतंच, आणि नसा साफ करायला लसूण-लिंबाचा काढा द्या. सासूबाईंना काही त्रास होत नाही, म्हणून त्यांनी आठ दिवसांत गोळी सोडून दिली. कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलंय, मग कडक होतात म्हणजे नेमकं काय? मिस्टरांचं स्वतःचं बीपी ४८व्या वर्षी १३६/९४ आहे, ते म्हणतात माझं जवळजवळ नॉर्मलच आहे."

ताई, आधी कामाचं सांगते. सासूबाईंची गोळी परस्पर बंद ठेवू नका. एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, मधे बंद केली होती हे न लपवता सांगा, आणि पुन्हा किती डोसने सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या मिस्टरांची भीती मात्र बिनबुडाची नाही, तिच्याकडे नंतर येते.

परळ-दादर भागात मी तीस वर्षांहून जास्त काळ फिजिशियन म्हणून काम करते आहे. साठी-पासष्टी ओलांडलेल्या बीपीच्या रुग्णांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारा नमुना तुमच्या सासूबाईंचाच: वरचं चढलेलं, खालचं नॉर्मल किंवा कमी. वरचं १४० किंवा त्याहून जास्त आणि खालचं ९० च्या आत असेल तर आम्ही त्याला आयसोलेटेड सिस्टॉलिक हायपरटेन्शन म्हणतो. नाव लांबलचक आहे, पण त्यामागची गोष्ट एका नळीची आहे. ती नीट समजली की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतील.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तरुणपणी ती रबरासारखी असते. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर रक्त बाहेर टाकतं, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. हे रक्त एका दमात सगळं पुढे जात नाही. त्यातलं निम्म्याच्या आसपास महाधमनी स्वतः फुगून पोटात धरून ठेवते, आणि हृदय पुढच्या ठोक्यासाठी भरत असताना हळूहळू आकसत ते पुढे ढकलते. म्हणून हृदय थांबून-थांबून काम करत असलं तरी बोटांच्या टोकापर्यंत रक्त सलग पोहोचतं. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला, आणि १७३३ साली ते प्रसिद्ध करताना धमन्यांच्या या कामाला त्याने आगीच्या बंबातल्या हवेच्या पेटीची उपमा दिली. बंबाचा दांडा वर-खाली होतो, पण पेटीतली दाबलेली हवा पाण्याची धार तुटू देत नाही. पुढे १८९९ मध्ये ओटो फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने याच कल्पनेला गणित दिलं.

आता हीच नळी लोखंडी झाली असं समजा. तुमच्या चाळीत पहाटे पाणी सुटलं की जुने पाइप कसे धडधडतात ते तुम्ही रोज ऐकत असाल. पाण्याला धक्का बसतो आणि पाइप जरासुद्धा ताणला जात नाही, म्हणून तो सगळा धक्का पाइपभर वाजत जातो. पिंपात सोडलेली रबरी नळी तसं करत नाही, ती फुगते आणि धक्का गिळते. कडक झालेली महाधमनी त्या लोखंडी पाइपाकडे झुकलेली असते. हृदयाने तेवढंच रक्त टाकलं तरी ते सामावून घ्यायला भिंत ताणली जात नाही, म्हणून ठोक्याच्या क्षणी दाब उंच उडतो. तो तुमचा वरचा आकडा. आणि भिंत फुगलीच नाही, तर आकसून पुढे ढकलायला तिच्याकडे साठाही कमी उरतो. ठोका संपला की दाब भरकन उतरतो. तो तुमचा खालचा आकडा.

म्हणजे सासूबाईंचं वरचं जास्त असणं आणि खालचं कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, दोन्हींचं कारण तीच ताठर नळी. वरच्यातून खालचं वजा करा: १६८ उणे ६८, म्हणजे १००. तरुण माणसात हा फरक ४० च्या आसपास असतो. आम्ही याला पल्स प्रेशर म्हणतो. म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर मी वरचा आणि खालचा आकडा सुटा वाचत नाही, आधी हा फरक वाचते. "वरचं थोडं जास्त आहे, पण खालचं छान आहे" असं समाधान घरोघरी करून घेतात. सासूबाईंच्या वयात खालचं उतरत जाणं हे चांगलं लक्षण नसून बहुतेक वेळा त्या ताठरपणाचीच दुसरी खूण असते.

भिंत कडक का होते? महाधमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात इलॅस्टिन नावाच्या लवचिक धाग्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. हे इलॅस्टिन आईच्या पोटात आणि लहानपणीच्या वर्षांत तयार होतं. मोठेपणी शरीर ते जवळजवळ नव्याने बनवत नाही, जे मिळालं तेच आयुष्यभर पुरवायचं. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. सासूबाईंच्या ७४ वर्षांत ती भिंत २७० कोटींच्या आसपास वेळा ताणली आणि सैलावली आहे. कुठलंही रबर इतक्या वेळा ताणलं तर चिरा पडणारच. इलॅस्टिनचे धागे विरत जातात, तुटतात, आणि भार कोलॅजनवर येतो. कोलॅजनही धागाच, पण सुतळीसारखा: मजबूत, न ताणणारा. हळूहळू त्यात कॅल्शियमचे कणही बसतात. छातीच्या एक्स-रेमध्ये महाधमनीच्या कमानीवर पांढरी रेघ दिसते ती हीच.

डायबेटिस इथे वेग वाढवतो. तुम्ही तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, तपासता ना? ती तपासणी म्हणजे लाल रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली याचं मोजमाप. लाल पेशी १२० दिवसांत मरते, तिच्याबरोबर ती साखरही जाते. धमनीच्या भिंतीतलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतं. त्यालाही साखर चिकटते, मग शेजारचे धागे एकमेकांना जखडले जातात आणि भिंत आणखी आवळते. म्हणून डायबेटिस असलेल्यांची महाधमनी वयाच्या मानाने लवकर म्हातारी होते. किडनीचा जुनाट आजार आणि तंबाखू, मग ती विडी असो की मशेरी, यांचाही असाच वाटा. मशेरीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आमच्या भागातल्या कितीतरी आजी तिला व्यसन समजत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. सासूबाई लावत असतील तर डॉक्टरांना सांगा.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर इथे दोन वेगळे आजार लोक एकच समजतात. ब्लॉकेज होतं ते धमनीच्या आतल्या अस्तरात, चरबीचे थर जागोजागी साचून. मी सांगते आहे तो कडकपणा मधल्या थरातला, संपूर्ण नळीभर पसरलेला. दोन्ही बऱ्याचदा जोडीने येतात, पण एक असला म्हणून दुसरा असतोच असं नाही. कोलेस्टेरॉल नॉर्मल, अँजिओग्राफी स्वच्छ, आणि तरी महाधमनी ताठ, असे रुग्ण मी नेहमी पाहते. काकूंच्या काढ्याचा प्रश्नही इथेच मिटतो. भिंतीचे धागेच बदललेत, तिथे गाळ बसलेला नाही, मग साफ काय करणार? लसूण जेवणात खुशाल खा. पण गोळीच्या जागी काढा घेतला आणि पक्षाघाताने हात-पाय गेले, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्यावरचा पश्चात्ताप मला विसरता येत नाही, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

आणखी एक गोष्ट या ताठरपणातून घडते. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट धमन्यांमधून धावते, ती रक्ताच्या कितीतरी पुढे पळते. मनगटावर नाडी लागते ती हीच लाट. तरुणपणी महाधमनीत तिचा वेग सेकंदाला ५-६ मीटर असतो, उतारवयात तो १० मीटरच्या पुढे जातो. जिथे धमन्यांना फाटे फुटतात तिथे आपटून तिचा काही भाग मागे फिरतो. मऊ नळीत ही परतीची लाट सावकाश येते, तोवर ठोका संपलेला असतो, आणि तिचा हृदयाला उलट फायदा होतो. ताठ नळीत ती ठोका चालू असतानाच परत येऊन आदळते आणि वरच्या दाबात भर घालते. मुख्य वाटा नळीच्या ताठरपणाचाच, पण ही भरही हृदयाला सोसावी लागते. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवरून हा वेग मोजणारी यंत्रं मुंबईतल्या काही मोठ्या केंद्रांत आहेत. सासूबाईंना त्या तपासणीची गरज नाही, त्यांचे आकडेच पुरेसं बोलतात.

वयाबरोबर हे असं बदलतं हे आपल्याला मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावामुळे नीट कळलं. तिथे १९४८ पासून हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी होत आली आहे. वरचं बीपी आयुष्यभर चढत राहतं, खालचं पन्नाशी-साठीपर्यंत चढतं आणि मग उतरायला लागतं, हे तिथल्या नोंदींतून स्वच्छ दिसलं. नेमकं त्याच वयात महाधमनीचा ताठरपणा बाजी मारतो. त्याआधीच्या वयात बीपी चढतं ते बहुतेक करून बारीक धमन्या आवळल्यामुळे, आणि त्यात दोन्ही आकडे वर जातात.

मग काकूंचा "शंभर अधिक वय" हा नियम? तो हवेतून आलेला नाही, एके काळी डॉक्टरही तसं म्हणायचे. बहुसंख्य म्हाताऱ्यांचं बीपी तसंच सापडायचं, म्हणून ते नॉर्मल धरलं गेलं. पण पुष्कळांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. मोतीबिंदूही बहुतेकांना होतो, आपण तो काढतोच. शिवाय ते अटळही नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ५२ ठिकाणचे लोक तपासले होते. त्यांत ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी होते, ज्यांच्या खाण्यात मीठ जवळजवळ नसतंच. वय वाढलं तरी त्यांचं बीपी वाढत नव्हतं. आपण लालबागमध्ये राहून यानोमामी होणार नाही, पण धमन्या ज्या वेगाने म्हाताऱ्या होतात त्यातला काही भाग आपल्या राहणीचा आहे, एवढं त्यावरून कळतं.

"मला काही त्रास नाही" हे सासूबाईंचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते. खरंच नसतो त्रास. नुकसान गुपचूप चालू असतं. हृदयाला दर ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, त्याची डावी भिंत जाड होते, पुढे ती भरतानाही नीट सैल होत नाही आणि जिना चढताना दम लागायला लागतो. त्याच वेळी खालचा दाब कमी. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे नेमकं खालच्या दाबावर. काम वाढलं आणि पुरवठ्याचा दाब उतरला.

मेंदू आणि किडनीचं दुखणं वेगळं. या दोन्ही अवयवांना रक्त भरपूर लागतं, म्हणून त्यांच्या वाटेवर अडथळा कमी असतो. मऊ महाधमनी धक्का वाटेतच गिळायची. ताठ झाल्यावर ते हादरे थेट मेंदूच्या आणि किडनीच्या केसासारख्या वाहिन्यांपर्यंत पोहोचतात. पक्षाघात, हळूहळू कमी होणारी स्मरणशक्ती, लघवीतून जाणारी प्रथिनं, या सगळ्यात त्या हादऱ्यांचा हात असतो. डायबेटिस आहेच, तेव्हा लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईसीजी झालेले नसतील तर करून घ्या.

आता मिस्टरांची शंका. माझ्या शिकण्याच्या काळात वॉर्डात खालच्या आकड्यालाच मान होता, वरचं "वयाचं" म्हणून सोडून दिलं जाई. ते चित्र १९९१ मध्ये बदललं. शेप नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत साठीपुढचे ४,७३६ लोक होते, सगळ्यांचं वरचं १६० किंवा जास्त आणि खालचं ९० च्या आत, म्हणजे अगदी सासूबाईंसारखं. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळीपासून सुरुवात करून औषध दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या लोकांवर हायव्हेट नावाची चाचणी झाली. तिथेही उपचार घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा "या वयात कशाला गोळ्या" याचं उत्तर मिळालेलं आहे.

तरीही मिस्टर बरोबर आहेत ते असं की खालचं फार उतरू द्यायचं नाही. साठच्या खाली जायला लागलं की मी थांबते, विशेषतः रुग्णाला हृदयविकार असेल तर, आणि डोस पुन्हा तोलते. पण ६८ आहे म्हणून वरचं १६८ तसंच ठेवायचं, असं होत नाही. घाई न करता उतरवायचं, इतकंच. आधी १५० च्या आत, काही आठवड्यांनी १४० च्या आत, आणि झेपलं तर १३० ते १३९ मध्ये स्थिर.

घाई का नको, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा यायचे, ७८ वर्षांचे, वरचं १९० च्या वर. मी एकदम दोन औषधं सुरू केली, आणि त्यांना उभं करून बीपी मोजलं नाही. तिसऱ्या रात्री लघवीला उठले, गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे चालले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा जिना उतरून माझ्याकडे आले नाहीत, मीच त्यांच्याकडे जायचे. आजोबांचा माझ्यावर राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

यामागेही तोच ताठरपणा आहे. आपण उठून उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. मान आणि छातीतल्या धमन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारे संवेदक असतात, ते भिंतीच्या ताणावरून दाब ओळखतात आणि लगेच हृदयाला, वाहिन्यांना सावध करतात. भिंतच ताणली जात नसेल तर संवेदक बोथट होतात आणि सावध करणं उशिरा होतं. म्हणून एकाच माणसाचं बसून बीपी १७० आणि उभं राहिल्यावर १३५, असं होऊ शकतं. सासूबाईंना पाच मिनिटं बसवून किंवा झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोस वाढवू नका. रात्री उठताना आधी कॉटच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, गॅलरीत दिवा चालू ठेवायचा. भरपेट जेवणानंतरही काहींचं बीपी उतरतं, तेव्हा दुपारी जेवून लगेच कामाला उठणं टाळा.

तीन महिन्यांत चार मोजमापं म्हणजे फारच थोडी. घरी दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला योग्य हवा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. लघवीला जाऊन यावं, अर्धा तास आधी चहा नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्पा नकोत. आपल्याकडे हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. पहिल्यांदा दोन्ही दंडांना मोजा, जिथे जास्त येतं तोच हात पुढे वापरा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी खरंच जास्त आहे. दवाखान्याचा जिना चढून लगेच मोजलेल्या आकड्यापेक्षा मला ही वही जास्त खरी वाटते. नाडी अनियमित लागत असेल तर मात्र डिजिटल यंत्रावर विसंबू नका, डॉक्टरांना सांगा.

वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक रुंदावणारी इतर कारणंही एकदा तपासली पाहिजेत: रक्त कमी असणं, थायरॉइड जास्त चालणं, महाधमनीच्या तोंडाची झडप गळणं. रक्तासाठी एक सीबीसी, थायरॉइडसाठी एक टीएसएच आणि स्टेथोस्कोप लावून ऐकणारा डॉक्टर, एवढ्यात बहुतेक कळतं.

औषधं तुमचे डॉक्टर ठरवतील. या वयात सहसा अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीचं, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइडसारखं लघवीवाटे मीठ काढणारं, किंवा टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, छोट्या डोसने. डायबेटिसमध्ये लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टनचा गट आधी. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, ती किडनीची सूज समजून घाबरून सोडू नका, फोन करा. लघवीच्या गोळीने काही म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं आणि ते गोंधळल्यासारखे वागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं. नुसत्या या प्रकारच्या बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, माझी पहिली निवड नसते. ते दंडावरचा आकडा उतरवतं, पण महाधमनीतला दाब तेवढा उतरत नाही. हार्ट अटॅकनंतर किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी अशा गटातलं औषध दिलेलं असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि ते कधीही अचानक बंद करायचं नाही.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या सासूबाई घेतात का, ते बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो. पाण्यात फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पावडरींत सोडियम भरपूर असतं, रोज घेणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात पापड, लोणचं, फरसाण, खारी, सुकट आणि सुके बोंबील सगळं आलं. कोकणी घरात सुक्या मासळीवर बंदी घालून चालत नाही हे मी जाणते. महिन्यातून एखाद्या वेळी, चांगली धुऊन, आणि त्या दिवशी पापड-लोणचं नाही, असं ठरवलं तर पाळलं जातं. बाजारातलं लो-सोडियम मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर ते धोक्याचं ठरतं.

तुटलेलं इलॅस्टिन पुन्हा जोडता येत नाही. पण भिंतीतल्या स्नायूचा आवळलेपणा आणि आतल्या अस्तराचं काम सुधारतं, आणि ते सुधारतं चालण्याने. सकाळी राणीबागेपर्यंत जाऊन आत एक फेरी मारायची, दम लागला तर बाकावर बसायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झाला तरी पुष्कळ. परत येताना दोन मजले चढायला लागतात म्हणून बाहेर पडायचं नाही, असं होऊ देऊ नका.

अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीत दाटून आलं, तर बीपी मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल. आणि कधी एखाद्या वेळी १८० दिसलं पण बाकी सगळं ठीक असेल, तर पंधरा-वीस मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा आणि तेवढंच राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. जिभेखाली गोळी ठेवून झटक्यात उतरवण्याची जुनी पद्धत घातक आहे, ती करू नका.

राहिले मिस्टर. ताई, मला खरी काळजी त्यांच्या १३६/९४ ची वाटते, कारण घरात कुणी त्याला बीपी म्हणत नाही. त्यांच्या वयात खालचं ९० च्या वर जाणं हे बारीक धमन्या आवळल्याचं लक्षण. त्यांची महाधमनी बहुधा अजून बरीच लवचिक आहे. पण हा वाढीव दाब दिवसाला एक लाख वेळा तिच्या भिंतीला ताणतो आहे, आणि आईला डायबेटिस असल्यामुळे त्यांनाही तो होण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त. सासूबाईंचे धागे आता परत मिळणार नाहीत. मिस्टरांचे वाचवायला अजून वेळ आहे. यंत्र घरी येणारच आहे, तर सात दिवसांच्या वहीत दोन रकाने आखा, एक सासूबाईंचा आणि एक त्यांचा. उपाशीपोटीची साखर आणि क्रिएटिनिन त्यांचंही करा, आणि डॉक्टरांकडे जाताना दोघांना एकत्रच घेऊन जा.